तांबट आळीतला आवाज मी का बंद केला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. याआधी वारसा-फेरीला येणाऱ्यांनी विचारलं, वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी विचारलं, दोन पत्रकारांनी विचारलं. प्रश्न तोच: "कसब्यातलं ते तांबटांचं चित्र जागेवर आहे, परात आहे, मग बटण दाबल्यावर आवाज का येत नाही? इतकं छान होतं, बंद का केलंत?" दर वेळी मी "तांत्रिक अडचण आहे" म्हणाले. ते खोटं होतं.

आधी तुमचे अंदाज बाजूला करते. शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही. ज्या गल्लीनं पेशवाईपासून हातोड्यांचा आवाज ऐकलाय, ती दीड मिनिटाच्या आवाजाला कशाला कंटाळेल? नियमाचंही काही मोडलं नव्हतं. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आम्ही तिच्या आत होतो, आणि रात्री ८ नंतर बटण आपोआप बंद व्हायचं. पैसे संपले नव्हते. माझ्या तबलजी मित्राशी माझं बिनसलं हे खरं आहे, पण ते या सगळ्यानंतर.

ज्यांनी ते चालू असताना पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्यातल्या कसबा पेठेच्या परिसरात आम्ही पाच भिंती रंगवल्या आणि प्रत्येक चित्राला त्याच वस्तीतलं वाजणं जोडलं. एका देवळामागे भजनी मंडळ आणि त्यांचेच टाळ-मृदंग. नदीकडच्या भिंतीवर बँडवाले आणि त्यांचं क्लॅरिनेट. तांबट आळीजवळची भिंत २२ फूट रुंद होती. तिच्यावर मी हंड्याचा नुसता पृष्ठभाग काढला, एकाशेजारी एक अशा हजारो ठोक्यांच्या वाटोळ्या खुणांचा. खाली मधोमध खरी तांब्याची परात बसवली, आळीतल्याच एका वयस्कर कारागिरांनी घडवलेली. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणते. परातीच्या पाठीला आम्ही कंपन देणारं एक छोटं यंत्र चिकटवलं होतं. वेगळा स्पीकर नव्हताच, परातच वाजायची. बटण दाबलं की अण्णांच्या हातोडीचे ठोके, आणि हळूहळू त्यांत मिसळत जाणारा तबला.

मी हे का केलं तेही सांगू दे, कारण त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. पुण्यात चित्र आणि गाणं एकत्र नांदल्याच्या खुणा जुन्या आहेत. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यात भित्तिचित्रांचे अवशेष आहेत आणि त्याच दरवाज्याच्या डोक्यावर नगारखाना आहे. माणूस आत शिरताना डोळ्यांना रंग आणि कानांना चौघडा एकदमच भेटत असणार. बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. लहानपणी आईचा हात धरून मी त्यांच्यासमोर उभी राहायचे आणि ती बाई गाताना कशी दिसत असेल याचा विचार करायचे. पण पुढे गाणं मांडवात गेलं. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, त्याचा मला अभिमानच आहे. भारत गायन समाज तर १९११ सालचा. पण रस्त्यावरच्या माणसाचं वाजणं या शहरात गणपतीचे दहा दिवस सोडले तर कुठे ऐकू येतं? आणि तेव्हाही ढोल-ताशाखाली बाकी सगळं बुडतं. मला वाटलं, हातांनी काम करणाऱ्यांच्या तालाला एक भिंत मिळावी. माझ्या त्या वेळच्या वहीत लिहिलेलं आहे: "चित्र मुकं असतं. त्याला त्याच्या गल्लीचा आवाज द्यायचा." किती खात्रीनं लिहिलंय. खाली दोन रेघा मारल्यात.

आता तो दिवस.

डिसेंबरातली संध्याकाळ, उद्घाटन. गल्ली भरलेली. ज्या संस्थेनं पैसे दिले होते तिचे लोक, कॅमेरे, शाळेतली मुलं पुढे मांडी घालून बसलेली. अण्णांना शाल-श्रीफळ दिलं. मी बोलले. "या गल्लीत जे चारशे लोक गोंगाट म्हणून ऐकतात ते खरं तर संगीत आहे," असं काहीतरी. टाळ्या पडल्या. मग बटण दाबलं आणि परात वाजू लागली. मुलं खिदळली, मांडीवर ताल धरू लागली. मी अण्णांकडे पाहिलं. ते समोरच्या गर्दीकडे पाहत होते, परातीकडे नाही. शाल खांद्यावरून सरकली होती. मला वाटलं, लाजलेत.

त्यांच्या मुलानं त्यांचा हात धरून परातीवर ठेवला.

तळवा सपाट, बोटं पसरलेली. अंगठ्याच्या मुळाशी जुना घट्टा आहे त्यांच्या, काळपट, सुपारीएवढा. तो परातीच्या काठाला टेकला होता. त्यांनी डोळे मिटले. दहा-बारा ठोके झाले असतील. मग त्यांनी विचारलं, आणि ते नेहमीच मोठ्यानं बोलतात त्यामुळे गल्लीभर ऐकू गेलं: "हे कोण ठोकतंय?"

"अण्णा, तुम्हीच," मुलगा त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाला.

"मी नाही. मी असा नाही ठोकत."

कुणीतरी हसलं. संस्थेच्या बाईंनी पुढचा कार्यक्रम पुकारला. अण्णांनी हात काढला नाही, आवाज संपेपर्यंत तसाच ठेवला. मग म्हणाले, "असं ठोकलं तर भांडं तिरकं व्हायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दुकानात गेले. समजूत घालायला गेले होते, हे कबूल करते. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि अर्धवट झालेलं घंगाळ ऐरणीवर घेतलं. तांब्याचा पत्रा ठोकला की कडक होतो आणि तापवला की मऊ पडतो, म्हणून एक भांडं घडेपर्यंत कितीदा तरी भट्टीत जातं. मठारकाम येतं शेवटी. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं, भांडं डाव्या हातानं तीळ तीळ फिरवत, ओळीनं ठोके घालत जायचं. त्यानं भांड्याला बळकटी येते आणि त्या खुणांमधून ते चमकतं. हे मला माहीत होतं, मी त्याचं चित्र काढलं होतं. पण ठोका कधी घालायचा हे कोण ठरवतं ते मला माहीत नव्हतं. अण्णा तीन ठोके घालायचे, थांबायचे, ऐरणीवर हातोडी नुसती टेकवायचे, मग दोन, मग एकदम पाच घाईचे, मग परत थांबणं. मी विचारलं, थांबलात का? त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग माझा हात ओढून भांड्याच्या आत लावला. "इथे सैल आहे. इथे घट्ट. सैल असलं की हाताला पोकळ लागतं, तिथे जास्त घालायचे." काठाशी ठोके दाट होत गेले, बुडाशी जड आणि संथ.

आमच्या ध्वनिफितीत यातलं काहीच उरलं नव्हतं. मित्रानं ४१ मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून ठोके सुटे काढले होते आणि संगणकावर तीनतालाच्या १६ मात्रांवर नेमके बसवले होते, म्हणजे तबला जुळेल. थांबणं गाळलं होतं. ऐरणीवरचं टेकवणं गाळलं होतं. ऐकायला फार गोड झालं होतं, आजही म्हणेन. पण त्या गोडव्यात भांडंच नव्हतं.

एवढंच असतं तर आम्ही दुरुस्त करून पुन्हा लावलं असतं. मी तसं म्हणालेही. तेव्हा आतून त्यांची सून चहा घेऊन आली. कप खाली ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "ताई, राग मानू नका. काल भाषणात तुम्ही त्या आवाजाला संगीत म्हणालात. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिचा बारीक आवाज अण्णांना ऐकू येत नाही. तिनं हाक मारली की ते बघत नाहीत, मग ती त्यांचं धोतर ओढते. त्याच आवाजानं कान गेलेत त्यांचे."

मी चहा प्यायले नाही. तिनं तो परत नेला, हेही मला आठवतं.

घरी येऊन मी वाचायला बसले. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास, वर्षानुवर्षं, असं झालं की कानाच्या आतल्या शंखातल्या केसांसारख्या नाजूक पेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टी जाते, ४००० हर्ट्झच्या आसपासची. स, श, फ, त पुसट होतात. लहान मुलांचं बोलणं आधी हरवतं, पुरुषी जाड आवाज बराच काळ टिकतो. म्हणूनच अण्णांना त्यांच्या मुलाचं बोलणं कळायचं आणि माझं ओठांवरून. वर्षभर मी त्या दुकानात जात होते.

तिसऱ्या दिवशी मी यंत्राची वायर कापली.

मित्र चिडला, आणि त्याचं म्हणणं मी इथे पूर्ण मांडते, कारण मला ते खोडता आलेलं नाही. तो म्हणाला, "कामातून आलेल्या लयीला सगळ्या जगानं गाण्यात बांधलंय. जात्यावरच्या ओव्या काय आहेत? हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी लाखावर ओव्या जमवल्या, त्या बायकांचे हात काय दुखत नव्हते? मग ओवी मिटवायची का?" मी म्हणाले, ओवी दळणारीनं स्वतः रचली, स्वतः म्हटली. इथे ठोकणारा एक आणि ताल ठरवणारे आपण. तो म्हणाला, मग तबलजीनं कुणाचंच काही घ्यायचं नाही? आणि वायर कापण्याआधी तू अण्णांना विचारलंस का?

नव्हतं विचारलं. पहिल्यांदा लावतानाही नीट विचारलं नव्हतं, काढतानाही नाही. "तुमचा आवाज लावू का?" असं मी विचारलं होतं आणि त्यांनी मान हलवली होती. त्यांना नक्की काय कळलं होतं, हे आता मला कोण सांगणार?

सहा महिन्यांनी मी पुन्हा गेले. न कापलेलं, तबल्याशिवायचं रेकॉर्डिंग लावायचं का, हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेलं. मुलगा म्हणाला, लावा, लोक येतात, दुकानात डोकावतात, दोन तांबे जास्त खपतात. सून काही बोलली नाही. अण्णांनी कागद दूर धरून वाचला आणि म्हणाले, "मला काय विचारता? मी काय ते ऐकणार आहे?" आणि हातोडी उचलली. हा होकार की नकार, यावर मी वर्षभर विचार केलाय. मुलाचं म्हणणं फेटाळायचा मला अधिकार नाही, त्याचं पोट त्यावर आहे. सुनेचं गप्प राहणंही मला ओलांडता येत नाही. म्हणून परात मुकीच आहे. उरलेल्या चार भिंती वाजतात. भजनी मंडळानं तर स्वतः येऊन नवीन रेकॉर्डिंग दिलं, जुन्यात मृदंग उतरला होता म्हणून.

कधी वाटतं, आवाजाची गरजच नव्हती. हंड्यावरची प्रत्येक खूण म्हणजे एक ठोका आहे. दाट कुठे, विरळ कुठे, सगळं त्यावर उमटलेलं आहे. मग वाटतं, हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणते. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या खुणा वाचता येत नाहीत. शाळेतली मुलं अजून ते मेलेलं बटण दाबतात, कान परातीला लावून थांबतात आणि निघून जातात. त्यांना मी काय दिलं?

ते ४१ मिनिटांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. परवा तुमचा निरोप आला तेव्हा मी ते पहिल्यापासून ऐकलं. २७व्या मिनिटाला ठोके थांबतात. अण्णा विचारतात, "चहा घेणार का?" मी म्हणते, "हो, चालेल." काही नाही. मी परत म्हणते, जरा मोठ्यानं, "चालेल, अण्णा." काही नाही. मग मी जवळजवळ ओरडते, "हो!" आणि ते म्हणतात, "अगं बोल ना, घेणार का?" त्यावर मी हसलेय, मोकळं, स्वच्छ ऐकू येतं. मित्राला फाईल पाठवताना मी सोबत लिहिलं होतं की २७ ते २८ मिनिटं काढून टाक, त्यात नुसतं बोलणं आहे.