बकरीचं चित्र असलेलं पुस्तक

आज जळगावातली जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली. लहानपणीचं बडबडगीतांचं पुस्तक हवंय. नाव सांगता येत नाही, माझ्या हाती आलं तेव्हाच त्याचं कव्हर गेलेलं होतं. आडवं, पातळ, दोन रंगांत छापलेलं, आणि मधल्या पानावर पावसात भिजणारी बकरी. अमळनेरला मोठी आई ओट्यावर बसून ते वाचायची. ओळ संपली की तिची अहिराणी सुरू व्हायची, बकरीच्या तोंडी स्वतःचंच काहीतरी घालायची! चाल अजून ओठांवर आहे, शब्द निसटलेत. ते शब्द हवेत मला.

दुकानांत स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे छताला टेकलेले, मुलांची मराठी पुस्तकं एका खोक्यात. याच जळगावात १९०७च्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबऱ्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळालं. इथे बालगीतांना निदान एक फळी तरी हवी, असं फार वाटतं.

पुस्तक मिळालं नाही. भाचीसाठी दुसरं आणलं, तिने ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं.

कुणाच्या माळ्यावर, जुन्या पेटीत ती बकरी सापडली तर पानांचे फोटो पाठवा. पुस्तक तुमच्याकडेच राहू द्या.