आमची वाटचाल: कापूस पिंजण्यापासून लेटेक्सच्या थरापर्यंत

बेळगावच्या शहापुरात वडिलांचं गाद्यांचं दुकान होतं. लग्नसराईत आई आणि आत्याही खोळी शिवायला बसायच्या. कापसाची गादी दोन-तीन वर्षांनी उसवायची, कापूस पिंजून पुन्हा भरायची, त्यामुळे गिऱ्हाईक आपणहून परत यायचं. रबर मारलेल्या काथ्याच्या गाद्या आल्या, मग फोम आला, आणि ते परत येणं थांबलं. तेव्हा मी उद्यमबागेत लहान गाळा घेतला.

लेटेक्सकडे वळलो ते खानापूरकडच्या एका मामांमुळे. तिकडच्या पावसात कापूस ओल धरतो आणि फोमवर त्यांना गरम व्हायचं. "या दोन्हींतलं काही नको, तिसरं काहीतरी द्या बघू," म्हणाले.

तिसरं म्हणजे लेटेक्स, रबराच्या चिकाचा फेस करून बनवलेला थर, पण त्यातही प्रकार. रबराचा चीक केरळातून येतो. सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगानं फिरवून पाणी वेगळं काढून, त्यात 60 टक्के रबर राहील इतका घट्ट करतात. डनलॉप पद्धत 1929 पासूनची. चीक फेसायचा, साच्यात ओतायचा, वाफेवर पक्का करायचा. फेस घट्ट होईपर्यंत जड कण खाली बसतात, म्हणून शीटची एक बाजू किंचित कडक निघते. टॅलाले ही दुसरी पद्धत, तीत साचा अर्धवट भरून हवा ओढून घेतात, फेस साचाभर फुगतो, मग तो गोठवून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि शेवटी तापवतात. ते वरपासून खालपर्यंत एकसारखं आणि हाताला हलकं लागतं. महागही पडतं.

कडक बाजूचं आम्हाला सुरुवातीला ठाऊकच नव्हतं. एका घरी दोन सिंगल गाद्या दिल्या, एकाच मापाच्या, एकाच लॉटच्या. आठ दिवसांत फोन आला, "दोन्ही वेगळ्या लागतात." खोळ उघडून अंगठ्यानं दाबत गेलो तेव्हा कळलं की एकीत शीट उलटी बसली होती. आता शीट उतरली की दोन्ही बाजू दाबून बघतो आणि कडक बाजूला खडूनं फुली मारतो. ती बाजू खाली.

दुसरी चूक जास्त लागली. आपल्याकडं गादी म्हटली की उन्हात घालायची, ही पिढ्यान् पिढ्यांची सवय. एका आजींनी लेटेक्सचा थर खोळीतून काढून गच्चीवर वाळवला, तोही उन्हाळाभर. वरचा भाग पिवळा पडला होता, बोट फिरवलं की भुगा निघायचा. दोष आजींचा नव्हता, आम्ही सांगितलंच नव्हतं. थर बदलून दिला. तेव्हापासून प्रत्येक खोळीवर मराठी आणि कन्नडमध्ये चिठ्ठी शिवतो: उन्हात घालू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा.

नैसर्गिक चिकात कृत्रिम रबर मिसळलेलं लेटेक्सही मिळतं, ते स्वस्त असतं. ते विकणं गैर नाही, नैसर्गिक म्हणून विकणं गैर. आम्ही बिलावर स्पष्ट लिहितो. घनतेच्या बाबतीत तर वजनकाटा हाच माझा खरा आधार. 72 बाय 36 इंच, 2 इंच जाड शीट घनमीटरला 80 किलोची म्हणून आली, तर ती पावणेसात किलोच्या आसपास भरायला हवी; साच्यातल्या खिळ्यांमुळं शीटमध्ये भोकं राहतात, म्हणून थोडी कमी. साडेपाच भरली की परत पाठवतो.

आज खालच्या थराला आम्ही घट्ट डनलॉपच वापरतो. अंगाचा भार तिथं पडतो, तिथं मऊपणा काय कामाचा? वरचा दोन इंचाचा थर मात्र माणूस बघून. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा रुतायला जागा लागते, त्याला कमी घनतेचं डनलॉप देतो, नाहीतर टॅलाले, पण ते मागणी असेल तरच मागवतो. पाठीवर झोपणाऱ्याला टॅलालेचे पैसे घालायला मी सांगत नाही.

दुकानात आता एक पलंग कायम मोकळा असतो. गिऱ्हाइकाला म्हणतो, चप्पल काढा आणि पंधरा मिनिटं पडा, घरी झोपता त्याच कुशीवर.