तुम्ही विचारलंत म्हणून: १९५०च्या दशकातले आडवळणाचे वेस्टर्न (अमेरिकन घोडेस्वार-बंदुकांचे सिनेमे) कुठून सुरू करावेत, आणि कोणत्या डिस्कवर?

दिग्दर्शक जॉन फोर्डचे गाजलेले वेस्टर्न पाहून झाले, 'हाय नून' झाला, आता पुढे काय पाहू आणि डिस्क कोणती घेऊ, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. बड बेटिकरने दिग्दर्शित केलेले, नट रँडॉल्फ स्कॉटचे सिनेमे घ्या, आणि त्यांतही बर्ट केनेडीने लिहिलेले चार आधी पाहा: 'सेव्हन मेन फ्रॉम नाऊ' (१९५६), 'द टॉल टी' (१९५७), 'राइड लोन्सम' (१९५९) आणि 'कोमांची स्टेशन' (१९६०). चौथा दशकाच्या उंबरठ्यापलीकडचा असला तरी घराणं तेच. एकही सिनेमा ८० मिनिटांच्या वर जात नाही.

सुरुवात 'द टॉल टी'ने करावी. एल्मोर लेनर्डच्या कथेवरचा हा सिनेमा. रिचर्ड बूनने रंगवलेला दरोडेखोर आपल्या दोन पोरसवदा साथीदारांना कंटाळलेला आहे. बोलायला बरोबरीचा माणूस हवा, म्हणून तो ओलीस धरलेल्या स्कॉटशीच गप्पा मारत बसतो. खलनायकाला नायकाची सोबत हवीशी वाटणं हे या चारही सिनेमांचं मर्म आहे. 'राइड लोन्सम'मध्ये ते आणखी धारदार होतं. पर्नेल रॉबर्ट्सच्या पात्राला आपल्या जुन्या गुन्ह्यांची माफी हवी आहे, त्यासाठी स्कॉटच्या ताब्यातला कैदी त्याला हवा आहे, आणि हे तो स्कॉटला तोंडावर सांगतो. तरीही दोघे शेजारी शेजारी घोडे हाकत राहतात. अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांच्या वाट्याला या सिनेमांत माणूसपण फार कमी येतं, ही उणीव खरीच आहे आणि ती जाणवतेच.

आता डिस्कचं. इथे मी आग्रही आहे, कारण या सिनेमांत कोण कुणापासून किती अंतरावर बसलंय, यातच निम्मी गोष्ट असते. 'राइड लोन्सम' आणि 'कोमांची स्टेशन' सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे २.३५:१ या रुंद चौकटीत चित्रित झाले आहेत. टीव्हीसाठी कापून ४:३ केलेल्या प्रतीत त्या रुंदीचा सुमारे ४३ टक्के भाग जातो. चार घोडेस्वार ओळीने चाललेले असतात आणि पडद्यावर दोनच उरतात. डिस्कच्या मागच्या बाजूला रुंदी-उंचीचं गुणोत्तर छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ढोबळ नियम असा: १९५३च्या आधीचा सिनेमा जवळजवळ चौकोनी, १.३७:१, त्यामुळे आजच्या टीव्हीवर डावी-उजवीकडे काळे पट्टे हवेतच. त्यानंतरचा बहुधा रुंद. १.८५साठी बेतलेल्या सिनेमाची वरखाली उघडी ठेवलेली ४:३ प्रतही मिळते. तिच्यात जास्त दिसतं खरं, पण माणसांच्या डोक्यावर उगाच मोकळं आकाश येतं, कधी माइकही डोकावतो.

बेटिकर-स्कॉट जोडीचे कोलंबिया स्टुडिओसाठीचे पाच सिनेमे क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीने २०२३मध्ये ४के संचात काढले, त्यात वरच्या यादीतले तीन येतात. 'सेव्हन मेन फ्रॉम नाऊ' त्या संचात नाही. तो नट जॉन वेनच्या बॅटजॅक या निर्मिती कंपनीचा, त्यामुळे वेगळा शोधावा लागतो. भारतातून मागवताना रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ती खूण, तपासा. आपल्याकडचे डीव्हीडी प्लेअर रीजन ५चे आणि ब्लू-रे प्लेअर रीजन सीचे. अमेरिकन डिस्क अनुक्रमे १ आणि ए. ४के डिस्कला हे बंधन नसतं, पण त्याच खोक्यातल्या साध्या ब्लू-रेला असू शकतं. युरोपातली पाल (PAL) या टीव्ही पद्धतीची डीव्हीडी सेकंदाला २४ऐवजी २५ चित्रं दाखवते, म्हणून ७८ मिनिटांचा सिनेमा ७५ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. डिस्कवरचा वेळ कमी दिसला की लगेच 'कापलाय' असं समजू नका, आधी हा हिशोब करा.

काही दोष डिस्कचे नसतात. एक दृश्य विरघळून दुसरं येतं त्याच्या आगेमागे चित्र अचानक भरड आणि फिकं होतं, कारण तो तुकडा त्या काळी लॅबमध्ये पुन्हा छापून जोडलेला असायचा. उलट आकाश जांभळट आणि हे सिनेमे जिथे चित्रित झाले त्या कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनचे खडक गुलाबी दिसले, तर रंग उडालेल्या प्रतीवरून डिस्क केली आहे. ईस्टमनकलर या रंगीत फिल्मच्या जुन्या प्रिंटमध्ये निळसर थर आधी उडतो आणि गुलाबी उरतो. रात्रीची दृश्यं बहुतेक दिवसा, कमी प्रकाश आत घेऊन टिपलेली असत आणि काळोख छपाईच्या वेळी आणखी गडद केला जाई. डिस्क करणाऱ्याने ते लक्षात घेतलं नाही तर शेकोटीभोवतीची माणसं भर उन्हात कुजबुजताना दिसतात.

टीव्हीचं काम दहा मिनिटांचं आहे. मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद. शार्पनेस शून्यावर, किंवा तुमच्या संचात जो तटस्थ आकडा असेल त्यावर. नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर फिल्मचा दाणा पुसताना खडकांचा खरखरीतपणा आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसल्या जातात. साठीला टेकलेल्या स्कॉटचा चेहरा गुळगुळीत झाला तर पाहायचं काय? रंगाचं तापमान 'वॉर्म', ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणारी सोय) बंद. आवाज मोनो आहे, तो तसाच ऐका. साउंडबारची कृत्रिम सराउंड संवाद पोकळ करते.

स्कॉट झाला की आंद्रे द टॉथचा 'डे ऑफ द आउटलॉ' (१९५९) घ्या. कृष्णधवल, रॉबर्ट रायन आणि बर्ल आइव्ह्ज, बर्फात अडकलेलं गाव, आणि पळून जायला वाटच नाही. त्यातला नाच पाहाच: गावातल्या बायकांना दरोडेखोरांबरोबर नाचावं लागतं आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर गरगरत राहतो. टीव्हीचा कॉन्ट्रास्ट जास्त असेल तर या सिनेमात बर्फाचा नुसता पांढरा डाग होतो. घोडे बर्फातून जातात त्या दृश्यावर थांबवा आणि खुरांचे ठसे स्पष्ट दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट खाली आणा. हे सेटिंग वेगळ्या मोडमध्ये जपून ठेवा, कारण तेच रंगीत सिनेमाला लावलंत तर चित्र मळकट दिसेल.