पिवळा कॅन

मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा भांडी झाल्यावर त्यांनी तेलाचा पाच लिटरचा पिवळा कॅन नळाखाली धरला होता. पाऊण भरला असेल. माझ्या तोंडून निघालं, "मावशी, गेटवर अडवतील हो." "बरं ताई," म्हणाल्या. पाणी सिंकमध्ये नाही ओतलं, बादलीत ओतलं, थेंब न सांडता. बुचाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून कॅन वॉशिंग मशीनमागे ठेवला.

आणि मी आत जाऊन कादंबरी उघडली. ऑक्टेव्हिया बटलरची 'पॅरबल ऑफ द सोअर'. प्रसिद्ध झाली १९९३ साली, सुरू होते २० जुलै २०२४ ला. म्हणजे ती तारीख आपली होऊनसुद्धा गेली. लॉस एंजेलिसजवळ भिंतीआडची वस्ती, पेट्रोलपेक्षा महाग पाणी. तिथे स्वच्छ दिसायचीही चोरी, लोकांना वाटतं मिरवतोय. पंधरा वर्षांच्या लॉरेनला दुसऱ्याला लागलेलं नुसतं दिसलं तरी दुखतं. कित्येक वर्षांनी पाऊस येतो, घरोघरी पिंपं-बादल्या बाहेर मांडतात, तिथे मला रडू आलं. कॅन तेव्हा मशीनमागेच होता.

मला खरं तर हे वाचायची गरज नव्हती. २०१६ ला लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासात. शेजारच्या काकूंनी एक घागर दिली नव्हती, ते मी अजून धरून बसलेय. आई मात्र... जाऊ दे.

मी तरी काय करणार? टँकरचा खर्च, मेंटेनन्स, सगळं एकटीच्या पगारात. नियम कमिटीचा. बरं, नियम कमिटीचा, पण लिफ्टमधली नोटीस माझी. 'आवाराबाहेर पाणी नेण्यास सक्त मनाई आहे.' सेक्रेटरींनी 'मनाइ' लिहिलं होतं, मी दीर्घ करून दिली. शाबास.

लॉरेनच्या वस्तीत मी कोण असते? लॉरेन तर नक्कीच नाही. रात्रीच्या पहाऱ्यालाही हिंमत लागते. नोटीस टाइप करून देणारी कुणी अजून भेटली नाही. शंभरेक पानं उरलीत.

आज निघताना मावशींनी कॅन उचलला. रिकामाच. "घरी नळाच्या रांगेत ठेवायला लागतो ताई."

मी हो हो म्हणत त्यांच्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं.