उजव्या बोल्टवर डावखुरा नेमबाज: स्टॉक जुळला, आता प्रोन

वरळीला सरावाला येणाऱ्या डावखुऱ्यांसाठी क्लबच्या उजव्या .२२ मॅच रायफलची जुळवणी चालू आहे, त्याची ही पुढची नोंद. रायफल सिंगल शॉट (एका वेळी एकच काडतूस), बोल्ट अॅक्शन (काडतूस भरायला उजवीकडचा दांडा हाताने उचलून मागे-पुढे करायचा), अॅल्युमिनियमचा स्टॉक (खांद्याला आणि गालाला टेकणारा सांगाडा), डायॉप्टर साइट (बारीक भोकातून पाहायची मागची साइट). तयारी ५० मीटर थ्री पोझिशनची (नीलिंग गुडघ्यावर, प्रोन पालथं झोपून, स्टँडिंग उभ्याने), म्हणजे स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं त्याच प्रकाराची.

डोळ्याचा प्रश्न आधी निकालात काढा. डावखुऱ्याचा प्रबळ डोळा (नेम धरताना आपोआप पुढाकार घेणारा) उजवा निघाला, तर उजव्या खांद्यावरून शिकणं सोपं, पुढचं काहीच करावं लागत नाही. डोळा डावा असेल तर मात्र 'बोल्ट उजवा आहे म्हणून' खांदा बदलू नये. बोल्टची गैरसोय सरावाने कमी होते. डोळ्याच्या विरुद्ध लावलेला खांदा कायम नडतो.

स्टॉकमध्ये सगळ्यात जास्त त्रास ग्रिपने, म्हणजे ट्रिगरच्या हाताने धरायच्या भागाने दिला. उजव्या हातासाठी घडवलेल्या ग्रिपचा फुगवटा उजव्या बाजूला असतो. डाव्या हाताने ती धरली की तळव्याऐवजी बोटं त्या फुगवट्यावर येतात, तर्जनी ट्रिगरवर तिरपी पडते आणि दाब सरळ मागे न जाता बाजूला जातो. ग्रिपचं लाकूड घासून हे पुरतं सुटत नाही, डावी ग्रिपच बसवावी लागते. चीकपीस (गाल टेकायचा तुकडा) उलटा करून बसवला. बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) आणि हँडस्टॉप (आधाराचा हात अडवणारा खुंट) दोन्ही बाजूंना चालतात, फक्त नव्याने जुळवावे लागतात. डायॉप्टरचा आडव्या दुरुस्तीचा नॉब अजून उजवीकडेच आहे आणि डावखुऱ्याचा चेहराही त्याच बाजूला येतो. त्यामुळे क्लिक देताना, म्हणजे नॉब एकेक खाच फिरवताना, गाल उचलावा लागतो. डाव्या नॉबचा डायॉप्टर मिळेपर्यंत हे चालवून घ्यायचं. जॅकेट मात्र डावखुऱ्यांसाठी शिवलेलंच हवं. खांद्याचं पॅडिंग आणि स्लिंगची (रायफलपासून आधाराच्या हाताला बांधायच्या पट्ट्याची) जागा दोन्ही उलट असतात. उधारीच्या उजव्या जॅकेटवर केलेली जुळवणी नंतर पुन्हा करावी लागते.

आता प्रोन. खरी किंमत इथेच मोजावी लागते. स्टँडिंगमध्ये प्रत्येक शॉटनंतर रायफल स्टँडवर टेकते, तिथे बोल्ट कुठल्या बाजूला आहे याने फारसं बिघडत नाही. प्रोनमध्ये उजवा हात स्लिंगमध्ये जखडलेला असतो. तो सोडला की पोझिशनच गेली. म्हणून ग्रिपवरचा डावा हात उचलून, रायफलवरून पलीकडे नेऊन बोल्ट चालवायचा. बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) किंवा वाळूच्या पिशवीवर उजव्या हाताने बोल्ट मारणं फार सोयीचं वाटतं, पण स्लिंगच्या प्रोनसाठी ती सवय लावूनच घेऊ नका.

वेळेची भीती अनाठायी आहे. तिन्ही पोझिशन मिळून साठ शॉटना दीड तास असतो, डाव्या हाताची ही फेरी त्यात सहज बसते. नुकसान होतं ते बट, म्हणजे स्टॉकचं खांद्याकडचं टोक, सरकल्यामुळे. आधाराचा हात आणि बट यांच्यात साधारण ७०० मिमी अंतर धरलं आणि बट खांद्यात फक्त १ मिमी आडवा सरकला, तर ५० मीटरवर रोख सुमारे ७१ मिमी हलतो. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं आणि काळा भाग ११२.४ मिमी व्यासाचा, म्हणजे रोख काळ्याच्याही बाहेर. नेमबाज तो स्नायूंच्या जोरावर परत मध्यावर आणतो, सुटताना तोच जोर ढिला पडतो आणि शॉट बाजूला जातो. पाहणाऱ्याला वाटतं ट्रिगर झटक्याने ओढला.

त्यासाठी बसवलेला क्रम असा. शॉटनंतर तर्जनी ट्रिगर गार्डच्या बाहेर. डोकं किंचित मागे, पण बट खांद्यातून हलवायचा नाही. डावा हात वरून नेऊन तर्जनी आणि मधल्या बोटाने बोल्टची मूठ वर उचलायची. या क्षणी रायफल डावीकडे कलते, कारण उजव्या बाजूचा दांडा वर ढकलला जातोय. उजव्या तळव्याने ती घट्ट आवळून धरू नका, त्याने आधाराचा हातच जागचा हलतो. उचल हळू करा. बोल्ट सावकाश मागे घ्या, म्हणजे पुंगळी उजव्या बाहीवर उडण्याऐवजी जवळच पडते. मग काडतूस ठेवून त्याचं टोक बोटाने चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) नीट सोडायचं. हात वरून तिरपा येत असल्याने घाईत बोल्ट ढकलला तर शिशाची गोळी चेंबरच्या कडेवर खरवडते आणि एखादा शॉट विनाकारण ग्रुपबाहेर (बाकीच्या शॉटच्या झुबक्याबाहेर) जातो. काडतुसांची पेटी डाव्या कोपराच्या पुढे, कमी उंचीवर.

बोल्ट बंद झाला की प्रत्येक वेळी, हो, प्रत्येक वेळी, डोळे मिटून श्वास सोडा आणि मग डोळे उघडा. फोरसाइटची (नळीच्या पुढच्या टोकावरच्या साइटची) रिंग काळ्याभोवती नसेल तर कंबर सरकवून पोझिशन दुरुस्त करा, हाताने रायफल ओढू नका. फोरसाइटच्या टनेलमधल्या (नळकांड्यातल्या) आडव्या रेषांवरून रायफल कलली आहे का तेही बघा.

उचल जड असेल तर बोल्ट साफ करून कॉकिंगच्या उतारावर (उचलताना आतली स्प्रिंग ताणणाऱ्या तिरप्या कडेवर) ग्रीसचा अगदी पातळ थर पुरतो. पावसाळ्यात वरळीच्या खाऱ्या हवेत बोल्ट कोरडा ठेवला तर गंज लागतो आणि उचल पुन्हा जड होते. मूठ लांब करायची झाली तर स्क्रूने बसणारी घ्या. दांडा तापवून वाकवू नका: कित्येक .२२ मध्ये त्याचं मूळच लॉकिंगचं, म्हणजे फायर होताना बोल्ट बंद धरण्याचं, काम करतं आणि उष्णतेने ते मऊ पडतं.

चष्म्याशिवाय फायर करू नका. पुंगळीची कडा फाटली तर वायू उजव्या पोर्टमधून (पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतून) बाहेर येतो, आणि डावखुऱ्याचा चेहरा नेमका त्याच बाजूला असतो.

लेन मागताना अगदी उजव्या टोकाची मागा. प्रोनमध्ये डावखुऱ्याचे पाय उजवीकडे जातात आणि उजव्यांचे डावीकडे. मधल्या लेनमध्ये उजवीकडच्या शेजाऱ्याच्या पायांशी अडचण होते.

नीलिंगची जुळवणी आता सुरू होईल: रोल (गोल उशी) डाव्या घोट्याखाली, उजवं पाऊल पुढे, आणि बोल्टसाठी तीच वरून जाणारी फेरी. बटप्लेट प्रोनपेक्षा वेगळ्या उंचीला लागेल, म्हणून दोन्ही खुणा स्टॉकवर वेगळ्या रंगाच्या टेपने करून ठेवणार आहोत.