तुम्ही साक्ष का देत नाही?

"बाई, एवढा मोठा चमत्कार तुमच्या घरात झाला आणि तुम्ही एकदाही साक्षीला उभ्या राहिला नाहीत?"

साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगणं. हा प्रश्न मला चर्चच्या पायऱ्यांवर विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, एकदा तर मयताच्या घरी विचारला. पाळकसाहेब प्रेमाने विचारतात. महिला मंडळातल्या बायका काळजीने विचारतात. काहींच्या आवाजात 'हिचा विश्वास थंड झालाय' हा निकाल आधीच लागलेला असतो. मी आजवर वेळ मारून नेली. घसा बसलाय, पुढच्या महिन्यात बघू, ह्यांनाच विचारा. आता तुम्ही विचारलंतच, म्हणून एकदा लिहून टाकते.

माझी प्रार्थना बंद पडलेली नाही. पहाटे उठते, बायबल उघडते, यादीतली नावं एकेक घेते. माझं भांडण माइकशी आहे. माइक हातात आला की माणूस काय काय गाळतो ते मी नगरला जन्मापासून ऐकत आलेय. आधी संकट, मग डॉक्टरांनी हात टेकले, मग मंडळीने उपास-प्रार्थना केली, मग प्रभूने स्पर्श केला, हालेलुया. मेडिक्लेम कुठे गेला? रात्रभर जागलेली नर्स कुठे गेली? शेजारच्या खाटेवरचा माणूस कुठे गेला?

मीही दिल्यात अशा साक्षी. जिल्हा परिषदेच्या शाळेत होते तेव्हा माझी अकोल्याची, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याची, बदली रद्द झाली. पुढच्याच रविवारी मी उभी राहून रडत रडत देवाचे उपकार मानले. माझ्या जागी ज्या बाई तान्ह्या लेकराला घेऊन तिकडे गेल्या, त्यांचा उल्लेख करावा असं मला सुचलंही नाही. ती तिशीतली मी आज मला म्हणते, "अगं, पण उपकार मानणं तरी खरं होतं ना?" होतं. "मग आता एवढी शहाणी कशाला होतेस?" यावर मला उत्तर सुचत नाही, आणि ती माझ्यापेक्षा आनंदात होती हेही खरं आहे.

कोविडच्या काळात मंडळीच्या ग्रुपवर रोज बायबलमधलं स्तोत्र ९१ यायचं. तुझ्या बाजूला हजार पडले तरी तुझ्यापर्यंत काही येणार नाही. मी सुद्धा पुढे पाठवलं, नाही कशाला म्हणू. पण मत्तयाच्या चौथ्या अध्यायात हेच स्तोत्र कुणाच्या तोंडी आहे ते बघा. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, टाक उडी, देवदूत झेलतील, लिहिलंच आहे. येशू उडी टाकत नाही. हे मी एकदा बायबल अभ्यासात बोलून दाखवलं, तर चहा येईपर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही.

आणि प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय. येशूचा शिष्य पेत्र, त्याची तुरुंगातून सुटका आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो, रोदा नावाची मुलगी आनंदाच्या भरात त्याला दारातच ठेवून आत पळते. त्याच अध्यायाचं दुसरं वचन मात्र कुणी वाचत नाही. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब, तोही येशूचाच शिष्य, ह्याला तरवारीने मारलं. बस, एका ओळीत संपला. त्याच्यासाठी मंडळीने प्रार्थना केली नसेल? त्याची आई त्या रात्री कुठे असेल? पेत्र दारात उभा आहे, आत सगळे थक्क झालेत, आणि ती कुठल्या कोपऱ्यात बसली असेल?

ही आई मला उगाच आठवत नाही.

एप्रिल २०२१. नाशिकला ऑक्सिजनची टाकी गळून वीसहून अधिक माणसं गेली, त्याच सुमाराची गोष्ट. ह्यांचा ऑक्सिजन ८४ वर आला. आम्ही भाड्याच्या व्हॅनमधून एकेका दवाखान्याचं दार ठोठावत फिरलो. शेवटच्या दवाखान्याच्या गेटसमोर आधीपासून एक गाडी उभी होती. तिच्यात आमच्याच मंडळीतल्या वहिनी आणि त्यांचा मुलगा. चर्चमध्ये कीबोर्ड वाजवायचा तोच. मला बघून त्याने "सलाम, बाई" म्हटलं, आणि दोन शब्दांच्या मध्ये त्याला थांबावं लागलं.

वहिनींकडे ऑक्सिमीटर नव्हता. मी माझा दिला. त्याच्या बोटाला लावला, आकडा वरखाली झाला आणि ७९ वर थांबला. वहिनींना अंधारात तो दिसेना. "किती आहे, बाई?" मी खरा आकडा सांगितला. मग बाजूला गेले आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. बेडची यादी जिथे व्हायची तिथे तो कामाला होता. "बाई, पाच मिनिटं द्या," म्हणाला. नाव विचारलं. मी ह्यांचं नाव सांगितलं.

दोघं आहेत, असं मी म्हटलं नाही.

गेट उघडलं, वॉर्डबॉयने आमचं नाव पुकारलं. ह्यांना उतरवताना दुसऱ्या बाजूने वहिनींनीच हात दिला. म्हणाल्या, "प्रभूची स्तुती असो. आता आमचंही होईल." त्यांचं दुसऱ्या दिवशी दुपारी झालं, दुसऱ्या गावात. मुलगा वाचला नाही. रात्रीच बेड मिळाला असता तर वाचला असता का, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही; तेव्हा बेड मिळालेलीही माणसं जातच होती. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा म्हटलंय की ते आता माझ्या प्रार्थनेतही येतं. आणि आज पुन्हा तीच वेळ आली तर? फोन मी करणारच. नावं किती सांगेन, त्याची खात्री देत नाही.

हे घरी आले तेव्हा कुणीतरी ग्रुपवर टाकलं, "बंद दार प्रभूने उघडलं." खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. त्या रांगेत वहिनींचंही एक होतं. आता सांगा, मी माइकवर काय बोलू? प्रभूने दार उघडलं म्हणू, की फोनने? फोन सांगितला तर त्या विद्यार्थ्याची नोकरी धोक्यात, फोन गाळला तर 'खोटी साक्ष देऊ नको' ही नववी आज्ञा आहेच. पाळकसाहेब म्हणतात, "येशूने दृष्टी दिली तो जन्मांध काय म्हणाला? मी आंधळा होतो, आता मला दिसतं. तुम्ही तेवढंच म्हणा." चांगला सल्ला आहे. पण त्या आंधळ्याच्या पुढे रांगेत कुणी उभं नव्हतं.

गेल्या नाताळात फराळाला वहिनी आमच्याकडे होत्या. करंज्या चालल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं, फोनचं, नावाचं. त्यांचं कातणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा चालू झालं. "माझ्याकडे नंबर असता तर मी पण लावला असता," त्या म्हणाल्या. "आणि माझ्याच पोराचं नाव सांगितलं असतं." मी डोळे पुसले तर मला रागावल्या. "लोक म्हणतात, बाई तुमच्यामुळे गप्प बसतात. माझ्या पोराच्या नावावर तुमचं गप्प बसणं घालू नका. उभं राहायचं तर हेच सांगा, जसं आता सांगितलंत तसं."

तेव्हापासून माझ्याकडे सबब उरलेली नाही. विद्यार्थ्याची नोकरी आहे. ती अडचण खरी आहे, पण मी तिचा आडोसा करते हेही मला कळतं. खरी भीती वेगळी आहे. मी हे सगळं सांगेन, आणि कुणीतरी मागून म्हणेल, "म्हणजे देवाने त्या विद्यार्थ्याला वापरलं! हालेलुया!"

आमच्या घरात हे रोज म्हणतातच. ह्यांच्या साक्षी जोरात चालू असतात आणि त्यांच्या तोंडी मला त्या खोट्या वाटत नाहीत. ज्याचा श्वास परत आला त्याने काय बोलावं हे मी कोण सांगणार? परवा जेवताना पुन्हा विषय निघाला.

"त्या पोराच्या मनात फोन उचलायचं कुणी घातलं?" ह्यांनी विचारलं.

"त्या रात्री ज्यांचे फोन उचलले गेले नाहीत, ते कुणी घातलं?"

"तुझ्याशी बोलणं म्हणजे ईयोबाशी बोलणं आहे." ईयोब म्हणजे सगळं गमावल्यावर देवालाच जाब विचारणारा बायबलमधला माणूस; त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याच्याशी वाद घालतात.

"ईयोबाच्या मित्रांवर देव शेवटी रागावला. ईयोब बरोबर बोलला, असं देवच म्हणतो. बेचाळिसावा अध्याय, काढून बघा."

ह्यांनी खरंच बायबल काढलं, चष्मा शोधला, वाचलं. मग म्हणाले, "बरं, पण त्याच्या आधीचे चार अध्यायही वाच. तिथे देव ईयोबाला काय काय सुनावतो, ते तू गाळलंस."