आमची वाटचाल : सापडला नाही म्हणजे काय?

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि पुढच्या आठवड्यात आमचा धंदा सुरू झाला. ठरवून नव्हे. कुर्ला-कलिन्यातल्या तळमजल्यावरच्या दुकानांतले कॉम्प्युटर पाण्यात गेले होते. मी आणि मामेभाऊ ते उघडून वाळवायचो, लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून जोडायचो. त्यात मामीचा हेअर ड्रायर जळला, तो अजून भरून दिलेला नाही. पुढे केबली ओढल्या, छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळले, घाटकोपरला इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा घेतला.

डॉकर, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्या सामानासकट वेगळ्या डब्यात (कंटेनरात) चालवायची सोय, 2013 साली आलं, आमच्या गाळ्यात यायला त्याला बराच उशीर झाला. एकाच सर्व्हरवर बिलिंग एका कंटेनरात, डेटाबेस दुसऱ्यात, आणि त्यांनी आपापसात बोलावं म्हणून एक नेटवर्क. कंटेनर पुन्हा उठला की त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कातला त्याचा नंबर) बदलू शकतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याचंही तसंच, आज भांडुपला तर उद्या मुलुंडला, माणूस नावानेच शोधावा लागतो. इथेही नावानेच हाक मारायची. पण ती सोय आपण स्वतः तयार केलेल्या नेटवर्कात मिळते, डॉकरच्या मूळच्या ब्रिज नेटवर्कात नाही. कुठल्या गिऱ्हाइकाचं काय कुठे जोडलंय, हे सगळं मामेभावाच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही. तो सुट्टीवर गेला की आम्ही त्याला गावी फोन करायचो.

नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एआयला बाहेरची टूल जोडायची ठरावीक पद्धत) खुला केला आणि एआय एजंटच्या, म्हणजे स्वतः पावलं ठरवून काम करणाऱ्या एआय प्रोग्रॅमच्या, हाती आपली टूल देणं सोपं झालं. (आईने विचारलं, "एजंट कसले? घराचे की आरटीओचे?") आम्ही एक छोटं टूल लिहिलं. नेटवर्कचं नाव द्या, त्यात कोणकोणते कंटेनर आहेत आणि कोणाचा पत्ता काय, ते सांगतं. फक्त बघतं, कशाला हात लावत नाही. त्याच्या वर्णनात मी लिहिलं होतं, 'नेटवर्कची माहिती देते.' संपलं.

एका शनिवारी रात्री औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला, बिलिंग डेटाबेसला जोडलं जात नाही म्हणून. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने एजंटला कामाला लावलं. एजंटने टूल चालवलं, यादीत डेटाबेस दिसला नाही, आणि त्याने निष्कर्ष काढला की डेटाबेसचा कंटेनरच नाही, नवा बनवू या. मुलाने होकार दिला. बिलिंग चालू झालं, पण आत एकही बिल नाही. व्यापाऱ्याचा आवाज अजून कानात आहे.

जुना कंटेनर जागेवरच होता. मेमरी संपल्यामुळे 137 कोड देऊन बंद पडला होता, एवढंच. डॉकर नेटवर्कच्या यादीत चालू कंटेनरच दाखवतं. डेटा जुन्या व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेरच्या साठ्यात) शाबूत होता. दोन तासांत सगळं परत मिळालं. त्या दोन तासांचं बिल आम्ही लावलं नाही.

सोमवारी मी सगळ्यांना ही चूक समजावून सांगत होतो. आमच्या हिशेब बघणाऱ्या बाई डबा खात ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "सापडला नाही म्हणजे काय? मेला, की झोपलाय, की दुसऱ्या खोलीत आहे?" मला उत्तर येत होतं, पण टूलच्या वर्णनात ते कुठेच नव्हतं. एजंट काही मामेभावाला गावी फोन करणार नव्हता.

मग वर्णन लिहायचं काम बाईंकडेच दिलं. मी सांगायचो, त्या लिहायच्या, न कळलेलं खोडायच्या. आता मजकूर असा आहे : 'इथे फक्त चालू कंटेनर दिसतात. यादीत नाव नसेल तर तो कंटेनर अस्तित्वात नाही असे समजू नये. आधी बंद कंटेनरांची यादी पाहावी. एक कंटेनर अनेक नेटवर्कांत असू शकतो, तेव्हा त्याचे पत्तेही अनेक असतात. होस्ट नेटवर्कावरच्या (थेट सर्व्हरचेच नेटवर्क वापरणाऱ्या) कंटेनराला स्वतःचा पत्ता नसतो. रकाना रिकामा दिसणे ही चूक नव्हे.' कंपोजने (अनेक कंटेनर एकत्र उभे करणाऱ्या डॉकरच्या टूलने) बनवलेल्या नेटवर्काच्या नावाआधी प्रोजेक्टचं नाव चिकटतं, हेही त्यांनी घालायला लावलं, कारण गिऱ्हाईक नेहमी अर्धंच नाव सांगतं.

मजकूर वाढवण्यालाही मर्यादा आहे. एजंट दर वेळी सगळ्या टूलांची वर्णनं वाचतो आणि त्याचे पैसे पडतात. म्हणून मी लिहिलेली डॉकरची स्तुती बाईंनी सर्वांत आधी उडवली.

सध्या व्हॉल्यूम पुसणाऱ्या टूलचं वर्णन चाललंय. तिसऱ्या ओळीवर गाडी अडली आहे. मी लिहिलं होतं, 'डेटा पुसला जाईल.' बाईंनी पेनाने गोल केला आणि बाजूला विचारलं : कोण पुसणार, आणि कोणाला विचारून?